दवाखाना आणि कंपाउंडर

५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर खडकीस इंग्रजांची छावणी वसली. पलटणीबरोबर इस्पितळ आले, आणि अशा छावण्यांतून नवा औषधव्यवहार पसरला. त्याचे थर शब्दांत दिसतात : ‘इस्पितळ’ पोर्तुगीज वळणाचा, ‘दवाखाना’ अरबी-फार्सी, ‘कंपाउंडर’ इंग्रजी. वैद्य स्वतःच नाडी पाही आणि स्वतःच मात्रा उगाळून देई. काष्ठौषधी विकणारा हा केवळ विक्रेता. त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावरून औषध सिद्ध करणाऱ्यास निराळे नाव देण्याची गरज मराठीस फारशी पडली नव्हती. कंपाउंडरने ती निर्माण केली. मिक्श्चर ढवळावे, रोग्याने घरून आणलेली बाटली भरावी, तीवर डोसांच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवावी, हे त्याचे काम. प्रमाण चुकले तर प्रकरण जिवावर बेते. तरी ही विद्या पुष्कळदा नुसती पाहून शिकलेली असे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणी आणली, परंतु पहिल्या नोंदवहीत पाच वर्षांच्या अनुभवी कंपाउंडरांसही वाट ठेवली. सरकारी कागदांत ‘औषधनिर्माता’ हा शब्द आला. १९५४ साली खडकीजवळच पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. अशा तयार औषधांपुढे मिसळण्याचे काम ओसरत गेले. रोग्याच्या तोंडी मात्र ‘कंपाउंडर’ हेच नाव पुढेही पुष्कळ वर्षे राहिले.