मोबाईलचा खेळ, इंग्रजीचे शब्द

पोरगं मोबाईल सोडत नाही, ही घरोघरची तक्रार. आम्ही म्हणतो, त्याच मोबाईलवर इंग्रजी शिकू द्या! सुरत महापालिकेच्या मराठी शाळेतली आपली पोरं हुशार आहेत, पण बोटीवरच्या जीपीएसची बटणं इंग्रजीत.

गूगलचं ‘रीड अलाँग’ ॲप २०१९ साली भारतात ‘बोलो’ नावानं आलं. त्यातली दिया मोठ्यानं वाचून घेते, अडलेला शब्द सांगते. बरोबर वाचलं की तारे मिळतात, म्हणून पोरं कंटाळत नाहीत. गोष्टी उतरवून ठेवल्या की नेटही लागत नाही.

एक खेळ आपलाही जोडू. पोरानं बापाला विचारायचं, ‘मेडे’ म्हणजे काय? जीव धोक्यात असला की वायरलेसच्या चॅनेल १६ वर हा शब्द तीनदा बोलायचा. मग बोटीचं नाव, जागा, माणसं किती.

पोरगं शिकेल, नाखवाही शिकेल.