ज्वारीतील लिग्निनची घट आणि ताटाच्या रोगांचा प्रतिकार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीत रब्बी ज्वारी हे दुहेरी उपयोगाचे पीक आहे. धान्य माणसांसाठी आणि कडबा जनावरांसाठी असा त्याचा हिशेब असतो. कडब्याची पचनीयता वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे ताटातील लिग्निनचे प्रमाण कमी करणे. मात्र लिग्निन घटल्यास ताट रोगास सहज बळी पडेल, अशी शंका घेतली जाते. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिग्निनचे कार्य

लिग्निन हे पेशीभित्तिकेतील फेनॉलिक स्वरूपाचे बहुवारिक होय. त्यामुळे ताटास ताठरपणा येतो आणि जलवाहिन्या भक्कम राहतात. बुरशीच्या विकरांना ते सहजासहजी विघटित करता येत नाही. म्हणूनच त्यास वनस्पतीची तटबंदी मानले जाते. हाच गुण जनावराच्या पोटात मात्र अडसर ठरतो. तेथील सूक्ष्मजीवांना सेल्युलोजपर्यंत पोहोचणे कठीण जाते.

तपकिरी मध्यशिरेचे वाण

पानाची मध्यशीर तपकिरी असणाऱ्या, अल्प लिग्निनच्या ज्वारीची नोंद अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. रसायनांच्या साहाय्याने घडविलेल्या उत्परिवर्तनांतून ही झाडे मिळाली होती. त्यांपैकी बी.एम.आर.-६ आणि बी.एम.आर.-१२ ही उत्परिवर्तने विशेष महत्त्वाची ठरली. पहिल्यात लिग्निनचे घटक तयार करणारे अखेरच्या टप्प्यावरील विकर निकामी होते. दुसऱ्यात मिथिल गट जोडणारे विकर निकामी होते. दोहोंतही लिग्निनचे प्रमाण घटते आणि त्याची घडण बदलते.

प्रयोगांचा निर्वाळा

नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेच्या शास्त्रज्ञांनी या झाडांच्या कणसाच्या दांड्यात फ्युजेरियम बुरशी टोचून पाहिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अल्प लिग्निनच्या झाडांवरील चट्टे सामान्य झाडांपेक्षा मोठे नव्हते; काही वेळा तर ते लहान आढळले. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, लिग्निनची साखळी मध्येच अडल्याने फेनॉलिक संयुगे पेशीत साठतात आणि त्यांपैकी काही बुरशीची वाढ रोखतात. म्हणजे तटबंदी पातळ झाली तरी तिचे न वापरलेले साहित्य संरक्षणाच्या कामी येऊ शकते.

खडखड्या आणि पाण्याचा ताण

आपल्याकडे या प्रश्नाचे खरे गांभीर्य खडखड्या रोगामुळे आहे. मॅक्रोफोमिना फेजिओलिना ही बुरशी जमिनीत दीर्घकाळ टिकते. फुलोऱ्यानंतर ओल कमी पडली की दाणे भरण्यासाठी ताटातील शर्करा कणसाकडे ओढली जाते आणि ताट दुर्बळ होते. मग बुरशी भेंड खाऊन टाकते, आत काळे ठिपके धरलेले धागे उरतात आणि ताट जमिनीलगत मोडून लोळते. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढत असल्याने हा धोका तिच्या पाठीशी सदैव असतो. बी.एम.आर.-१२ झाडांवर पाण्याच्या ताणाखाली केलेल्या अमेरिकेतील प्रयोगांतही बुरशीचे चट्टे सामान्य झाडांपेक्षा लहान आढळले, ही बाब म्हणूनच आश्वासक आहे.

मर्यादा

तथापि रोगास प्रतिकार आणि उभे राहण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. बुरशी पसरली नाही तरी कमकुवत ताट वाऱ्याने लोळू शकते. काही अल्प लिग्निन वाणांत लोळण्याचे व उत्पादनघटीचे दोष आढळले आहेत. ते मूळ वाणानुसार कमीअधिक होतात. मालदांडीसारख्या वाणात हा गुण आणावयाचा झाल्यास आपल्याच भारी जमिनीत, फुलोऱ्यानंतरच्या ताणात त्याची कसोटी पाहावी लागेल.

समारोप

लिग्निन कमी म्हणजे प्रतिकार कमी, हे समीकरण प्रयोगांत टिकत नाही. लिग्निनचे प्रमाण, त्याची घडण आणि साठणारी संयुगे या तिन्हींवर रोगाची गती ठरते. म्हणून वाण निवडताना चट्ट्यांची लांबी, लोळण्याचे प्रमाण आणि कडब्याची पचनीयता यांची स्वतंत्र मोजणी करणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास जनावरांना पचणारा कडबा मिळेल, परंतु शेतकऱ्याचे उभे पीक आडवे होण्याचा धोका राहील.