पोपटाचे पिल्लू घरी केव्हा आणावे?

भारतीय पोपट पाळण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई असल्याने येथील पक्षिप्रेमी कॉकटीलसारख्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील पोपटांकडे वळतात. कॉकटीलचे पिल्लू साधारण पाचव्या आठवड्यात घरट्याबाहेर पडते. मात्र उडता येऊ लागले तरी दाणे सोलून स्वतःचे पोट भरण्यास, म्हणजेच स्वावलंबी होण्यास, त्याला बहुधा आठ ते दहा आठवडे लागतात. त्याआधी आणलेल्या पिल्लाला नवख्या हाताने पातळ खाद्य भरवल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि फार गरम असल्यास गळ्याच्या तळाशी अन्न साठवणारी पिशवी भाजते. म्हणून केवळ वय न विचारता, काही दिवस न भरवताही पिल्लाचे वजन टिकते याची खात्री पटल्यावरच ते घरी आणावे.