चाळीस की पन्नास? स्तनाच्या कर्करोगाची तपासणी आणि बदलत्या शिफारशी

या व्याख्यानासाठी आम्ही आधी प्रश्न मागवले होते. त्यात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलेला प्रश्न असा: मॅमोग्राफी आधी चाळिशीपासून करा म्हणत होते, मग पन्नाशीनंतर करा म्हणाले, आता परत चाळीस. डॉक्टरांचंच ठरत नसेल तर बायकांनी करायचं काय?

प्रश्नात थोडा राग आहे आणि तो रास्त आहे. अशा बातम्या वाचून काही जणी तपासणीचा विचारच सोडून देतात, तर काही जणी तिशीतच 'पॅकेज' घेऊन मोकळ्या होतात. दोन्हीत नुकसान आहे. म्हणून शिफारस बदलते तेव्हा नेमकं काय बदलतं ते आज पाहू. या बातम्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात, तेव्हा आधी तिकडची गोष्ट सांगू आणि मग आपल्याकडे येऊ.

सुरुवातीला एक फरक पक्का करून घेऊ. ज्या बाईला काहीही त्रास नाही, गाठ नाही, स्राव नाही, तिची तपासणी करणं म्हणजे स्क्रीनिंग. मराठीत याला चाळणी तपासणी म्हणतात आणि शब्द चपखल आहे. चाळणी निदान करत नाही, ती फक्त वेगळं काढते. आज आपण ज्या वयाबद्दल बोलतोय ते वय या चाळणीचं आहे. हाताला गाठ लागली असेल तर ही चर्चा त्या बाईला लागूच होत नाही. तिचं वय अठ्ठावीस असो की अठ्ठ्याहत्तर, तिने डॉक्टरांकडेच जायचं.

आता चाळणीचा हिशेब. जमेच्या बाजूला एकच मोठी रक्कम आहे: रोग लवकर सापडल्यामुळे टळलेले मृत्यू. खर्चाच्या बाजूला दोन रकमा आहेत. पहिली, खोटी धास्ती. अमेरिकेत मॅमोग्राफी केलेल्या दर हजार स्त्रियांपैकी साधारण शंभर जणींना 'पुन्हा या' असा निरोप जातो आणि त्यातल्या पाचेक जणींनाच कर्करोग निघतो. बाकीच्या जणी सोनोग्राफी, कधी बायोप्सी, आणि निकाल येईपर्यंतच्या जागरणातून जातात. दुसरी रक्कम जास्त अवघड आहे, तिला अतिनिदान म्हणतात. काही कर्करोग इतके संथ असतात की तपासलं नसतं तर त्या बाईला आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागला नसता. पण एकदा सापडला की तो संथ आहे की आक्रमक हे आधी खात्रीने सांगता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात.

ब्रिटनमध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ साली हा हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षं तपासणीला बोलावलं तर सुमारे ४३ मृत्यू टळतात आणि सुमारे १२९ जणींचं अतिनिदान होतं. म्हणजे एका वाचलेल्या जिवामागे तीन जणींना गरज नसलेले उपचार. तरीही तपासणी चालू ठेवावी असंच समितीने म्हटलं. मात्र बायकांना हे आकडे आधी स्पष्ट सांगा, असंही म्हटलं.

हा ताळेबंद वयानुसार बदलतो, आणि सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. चाळिशीत रोग कमी जणींना होतो. शिवाय तरुण वयात स्तनातली ग्रंथींची वीण दाट असते. क्ष-किरणांच्या चित्रात दाट वीण पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. त्यामुळे गाठ निसटतेही जास्त आणि खोटी धास्तीही जास्त.

आता अमेरिकेकडे. तिथला पहिला मोठा प्रयोग १९६३ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झाला, त्यात ६०,००० हून अधिक स्त्रिया होत्या. तपासणीने मृत्यू कमी होतात हे त्यातून दिसलं, पण चाळिशीतल्या स्त्रियांपुरतं चित्र धूसर राहिलं. १९९७ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने म्हटलं की चाळिशीतल्या सर्वांना सरसकट सल्ला देण्याइतका पुरावा नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी चाळिशीतल्या तपासणीच्या बाजूने ठराव केला. पुरावा मतदानाने ठरत नसतो, पण लोकांच्या भावना किती तीव्र होत्या ते यावरून कळतं.

तिथे प्रतिबंधक सेवांबद्दल शिफारशी करणारं एक स्वतंत्र तज्ज्ञ मंडळ आहे. त्याने २००२ साली चाळिशीपासून दर एक-दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली. २००९ साली नवा आढावा घेऊन ५० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी, असं सांगितलं. चाळिशीतल्या स्त्रियांना 'करू नका' असं मंडळ म्हणालं नव्हतं. डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा, असं म्हणालं होतं. त्यामागचा आकडा बघा: एक मृत्यू टाळण्यासाठी साठीतल्या सुमारे ३७७ जणींना तपासणीला बोलवावं लागतं, चाळिशीत सुमारे १,९०४ जणींना. तरी पुन्हा वादळ उठलं आणि विम्याच्या कायद्यात २००९ची शिफारस बाजूला ठेवून जुनीच धरावी अशी तरतूद झाली.

२०२४च्या एप्रिलमध्ये मंडळाने सल्ला पुन्हा बदलला: ४० ते ७४, दर दोन वर्षांनी, सर्वांना. का? एक तर अमेरिकेत चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये हा रोग वाढत चालल्याचं दिसलं. २०१५ ते २०१९ या काळात ही वाढ दर वर्षी सुमारे २ टक्के होती. दुसरं, तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये या रोगाने मृत्यू होण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आहे आणि त्यांना तो कमी वयात गाठतो. हे धरून संगणकीय प्रतिमानांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा जमेची बाजू जड झाली.

म्हणजे २००९ साली मंडळ चुकलं आणि २०२४ साली शहाणं झालं, असं नाही. तपासणीचं स्वरूप तेच राहिलं, तिच्यासमोर उभी असलेली माणसं आणि त्यांचा धोका बदलला. चाळीस किंवा पन्नास ही शरीराने आखलेली रेघ नाही. फायदा आणि तोटा यांचं पारडं कुठे फिरतं ते बघून माणसांनी ती आखलेली आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये आजही पन्नाशीपासून, तीन-तीन वर्षांनी बोलावतात. पुरावा बराचसा तोच, पण तोलण्याची पद्धत वेगळी.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेत दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ९० हून अधिक जणींना हा रोग होतो, भारतात साधारण २५ ते २७ जणींना. रोग विरळ असला की त्याच चाळणीत खोटी धास्ती जास्त आणि खरी गाठ कमी सापडते. आपल्याकडे चाळिशीतल्या रुग्ण खूप दिसतात हे खरं, पण त्याचं एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे. वर यंत्रं आणि ती चित्रं वाचणारे तज्ज्ञ शहरांत एकवटलेले. म्हणून तिकडचं 'चाळीस' जसंच्या तसं इकडे आणता येत नाही.

मग आपल्याला काय लागू पडतं? याचं एक उत्तर मुंबईतूनच आलं. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोग पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण घटलं. सर्व वयं मिळून मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता नाकारता आली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती आणि ती ठोस होती. पन्नाशीच्या आत तसा ठोस फायदा दिसला नाही.

केंद्र सरकारच्या २०१६च्या आराखड्यातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा अशीच हाताने तपासणी आहे. आशाताई नोंद घेतात, आरोग्य केंद्रात तपासणी होते आणि संशय आला तर पुढे पाठवतात. अडतं बहुतेक वेळा इथेच. पुढे पाठवलेली बाई रोज बुडेल म्हणून, सोबत कुणी नाही म्हणून, किंवा घरात सांगायचं कसं म्हणून जात नाही. चाळणीने वेगळं काढलेलं कुणी उचललंच नाही, तर चाळण्याचा उपयोग काय?

स्वतःच्या हाताने दरमहा तपासण्याबद्दलही खूप जणींनी विचारलंय. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत मृत्यू सारखेच राहिले. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून आता ठरावीक विधी म्हणून नाही, पण आपलं शरीर नेहमी कसं असतं याची ओळख ठेवा, असा सल्ला दिला जातो.

तर या सगळ्याचं करायचं काय, ते थोडक्यात सांगतो.

काही त्रास नसेल तर तिशीनंतर आरोग्य केंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे हाताने तपासणी करून घ्या. पन्नाशीनंतर ती टाळू नका.

मॅमोग्राफीचा विचार असेल तर चाळिशीपासून डॉक्टरांशी बोला. 'माझ्या वयात फायदा किती, आणि उगाच बायोप्सी व्हायची शक्यता किती?' हे विचारायला संकोच नको. सवलतीची जाहिरात हे तपासणीचं कारण होऊ शकत नाही.

आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर वरचे सर्वसाधारण नियम तुमच्यासाठी नाहीत. तुमचं वेळापत्रक वेगळं असतं. ते तज्ज्ञांकडून आखून घ्या.

आणि गाठ, त्वचेवर खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव, काखेत सूज, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, अशा गाठी बहुतेक वेळा दुखत नाहीत. गेल्या वर्षीची मॅमोग्राफी नॉर्मल होती म्हणूनही थांबू नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासणाऱ्याने सांगायचं असतं.

पुढच्या वर्षी शिफारस पुन्हा बदलली तर बातमीत तीन गोष्टी शोधा: ती कोणत्या देशातल्या स्त्रियांसाठी आहे, कोणत्या वयासाठी आहे, आणि त्रास नसलेल्यांसाठीच आहे ना. आता तुमचे प्रश्न घेऊ.