बसलेले गाल आणि फिलरचा हिशोब

एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरचे औषधोपचार मोफत मिळू लागले. त्या गोळ्यांमध्ये स्टॅव्हुडिन नावाचं एक औषध असे. ते स्वस्त होतं आणि त्याने असंख्य जीव वाचवले. पण ते चरबीच्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियांना इजा करायचं. रक्तातला विषाणू आटोक्यात यायचा, माणूस कामाला लागायचा आणि गाल मात्र खप्पड होत जायचे. कानशिलं बसायची, डोळ्यांखाली खळगे पडायचे. चेहऱ्यावरून लोक आजार ओळखतील, ही धास्ती रुग्णांना रोगाइतकीच छळायची. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली असल्याने पुणे या आजाराच्या अभ्यासाचं मोठं केंद्र होतंच. पश्चिम भारतातल्या रुग्णांमध्ये औषधांमुळे होणाऱ्या या बदलांची नोंद पुण्यातल्या डॉक्टरांनी २००५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पॉली-एल-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनला मान्यता दिली, तीही अशाच रुग्णांचे गाल भरून काढण्यासाठी. त्याच इंजेक्शनला निव्वळ सौंदर्यासाठीची मान्यता २००९ मध्ये मिळाली. पुढे स्टॅव्हुडिन मागे पडलं, त्याहून सुरक्षित औषधं आली. आज पुण्यातल्या क्लिनिकमध्ये फिलरची, म्हणजे अशा भरावाच्या इंजेक्शनांची, चौकशी करणारे बहुतेक जण पन्नाशीच्या आसपासचे असतात किंवा झपाट्याने वजन उतरवलेले असतात. कारण बदललं तरी उपचाराचं सूत्र तेच आहे : जे गेलंय ते ओळखायचं आणि तेवढंच भरायचं.

चेहरा बसतो म्हणजे काय होतं

वय झालं की कातडी सैल पडून लोंबते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. चेहरा तीन थरांत झिजतो. सर्वांत खाली हाड. डोळ्यांची खोबण वयाबरोबर रुंदावते, वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं, खालचा जबडा उतरतो. दाढा काढून कवळी न बसवलेल्या माणसात ही झीज आणखी लवकर दिसते. हाडाच्या वर चरबी. ती सलग थर नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते. अमेरिकेतल्या रोहरिक आणि पेसा या डॉक्टरांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग टोचून हे कप्पे दाखवले आणि २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. यातले खोलवरचे कप्पे, विशेषतः गालाच्या मधल्या भागातला, आधी आटतात. त्यांचा आधार गेला की वरचे कप्पे खाली घसरतात. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी त्यामुळे ठळक होते. सर्वांत वर त्वचा. तिच्यातलं कोलॅजेन विशीनंतर हळूहळू कमी होत जातं.

म्हणून घडी दिसते ओठाशेजारी, पण तिचं मूळ असतं वर, गालात. जाणकार डॉक्टर थेट घडीत इंजेक्शन देण्याआधी गाल तपासतात, ते यासाठी. भारतीय त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्याने बारीक सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा येतात. आपल्याकडे वय आधी दिसतं ते डोळ्यांखालच्या आणि गालांच्या खळग्यांतून.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांनी यात भर घातली आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आलं. पोटाची चरबी उतरते तशी गालांचीही उतरते. वजन अजून कमी होत असेल तर फिलरची घाई करू नये. वजन काही महिने एका ठिकाणी टिकल्यावर नेमकं किती गेलं ते कळतं.

सिरिंजमध्ये काय असतं

सर्वाधिक वापर हायलुरॉनिक आम्लाच्या जेलचा. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. आपल्या शरीरातही तो असतोच : सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम, त्वचेत आणि सांध्यांत. तो पाणी धरून ठेवतो आणि ऊतींना भरीवपणा देतो. पण शरीर तो सतत मोडत आणि नव्याने बनवत असतं, त्यामुळे नुसता टोचला तर फार दिवस टिकत नाही. म्हणून जिवाणूंच्या किण्वनातून मिळवलेल्या हायलुरॉनिक आम्लाचे धागे रसायनाने एकमेकांना जोडून त्याचं जेल करतात. जोडणी आणि घनता यांवर जेलचा टणकपणा ठरतो. हनुवटी आणि गालाच्या हाडाजवळ टणक जेल लागतं, ओठांना मऊ, आणि डोळ्यांखाली कमी पाणी शोषणारं. एकच जेल सगळीकडे टोचणाऱ्याकडून टोचून घेऊ नये.

या जेलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला उतारा आहे. हायलुरोनिडेज हे विकर टोचलं की ते विरघळतं. इतर फिलरना अशी सोय नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट हे हाडातल्या खनिजाच्या सूक्ष्म गोळ्यांचं फिलर जबड्याची कड आणि गाल यांसाठी वापरतात. पॉली-एल-लॅक्टिक आम्ल स्वतः जागा भरत नाही, तर त्वचेला नवं कोलॅजेन बनवायला लावतं. त्याच्या काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या होतात, परिणाम हळूहळू दिसतो आणि दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो. तिसरा पर्याय आपलीच चरबी. पोट किंवा मांडीतून काढून ती गालात भरतात. १८९३ मध्ये जर्मनीत नॉयबर यांनी हाताची चरबी चेहऱ्यावरच्या व्रणात भरली होती, इतकी ही कल्पना जुनी. भरलेल्या चरबीतली काही जगते, काही शोषली जाते, त्यामुळे नेमका अंदाज बांधता येत नाही.

द्रवरूप सिलिकॉनसारखी कायमची फिलर मात्र टाळावीत. चेहरा पुढेही बदलत राहतो, आत बसलेला पदार्थ बदलत नाही. वर्षांनंतर गाठी आल्या तर त्या काढणं कठीण जातं.

आधी माप

चेहरा दुरुस्त करण्यातली पुण्याची एक जुनी नोंद जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत सापडते. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान १७९२ मध्ये टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली. त्यात पहिली पायरी सांगितली आहे ती मेणाची : मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून जागेवर बसवायचं, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. म्हणजे कापण्याआधी माप.

फिलरमध्येही अर्धं काम मोजमापाचं. पहिल्या भेटीत डॉक्टर तुम्हाला बसवून चेहरा बघतात, कारण आडवं झाल्यावर गाल मागे सरकतात आणि खळगे लपतात. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरके फोटो काढतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा तुमचा फोटो सोबत न्या; काय गेलं ते त्यावरून लवकर कळतं. दात, कवळी, वजनातला चढउतार, जुन्या शस्त्रक्रिया, आधी टोचलेलं फिलर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲलर्जी हे सगळं सांगा. काही गोष्टी फिलरने सुटत नाहीत, हेही याच भेटीत कळायला हवं. डोळ्यांखालचं काळेपण रंगद्रव्याचं असेल तर जेल भरून ते जात नाही. लोंबणारी जास्तीची कातडी फिलरने ओढली जात नाही; तिथे भरत गेलं की चेहरा फक्त सुजल्यासारखा दिसतो.

गरोदरपण, अंगावर पाजणं, टोचायच्या जागी पुरळ, मुरूम किंवा जंतुसंसर्ग असेल तर थांबायचं. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड येत असतील तर आधी गोळ्या द्याव्या लागतात. दातांचं मोठं काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं. लग्नसमारंभासाठी करायचं असेल तर निदान महिनाभर आधी. सूज उतरायला आणि गरज पडल्यास थोडी दुरुस्ती करायला तेवढा वेळ लागतोच.

खुर्चीत बसल्यावर

मेकअप पुसून चेहरा जंतुनाशकाने दोनदा-तीनदा स्वच्छ करतात. बसलेल्या स्थितीतच पेन्सिलने खुणा करतात. बधिरतेचं मलम लावून थोडा वेळ थांबतात. बहुतेक जेलमध्ये बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे पहिल्या टोचणीनंतर दुखणं कमी होतं. सिरिंज सहसा एक मिलिलिटरची. चहाच्या चमच्यात साधारण पाच मिलिलिटर मावतं, त्यावरून एका सिरिंजने किती होईल आणि किती होणार नाही याचा अंदाज यावा. गालांची घट सौम्य असेल तर दोन्ही बाजू मिळून एक-दोन मिलिलिटर पुरतात. घट जास्त असेल तर एका दिवसात सगळं भरण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने भरलेलं बरं.

गालाच्या हाडावर सुई थेट हाडापर्यंत नेऊन जेलचे लहान थेंब ठेवतात. मऊ भागात बोथट टोकाची कॅन्युला वापरतात : त्वचेला एकच छिद्र पाडून ती आत सरकवायची आणि मागे घेत घेत जेल सोडायचं. बोथट टोकामुळे रक्तवाहिनी भोसकली जाण्याची शक्यता कमी होते, संपत मात्र नाही. हात हळू चालायला हवा. एका जागी थोडंच जेल, आणि मधूनमधून त्वचेच्या रंगाकडे नजर. सगळं अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सूज, दुखरेपणा, कुठे काळंनिळं. हे आठवडाभरात उतरतं. पहिले एक-दोन दिवस व्यायाम, वाफ, दारू आणि जोराची मालिश टाळा. पॉली-एल-लॅक्टिक आम्लाचा नियम उलटा आहे : पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटं मालिश. आपल्या त्वचेवर काळंनिळं गेल्यावरही कधी डाग उरतो, म्हणून उन्हात सनस्क्रीन लावा. खरा निकाल दोन आठवड्यांनी पाहायचा. ओठांतलं जेल साधारण सहा महिने ते वर्षभर, गालांतलं वर्ष-दीड वर्ष टिकतं, कधी त्याहून जास्त.

घाबरायचं कशाला, कधी

गाठ जाणवणं, दोन बाजूंत फरक, डोळ्यांखाली त्वचेच्या फार वरच्या थरात भरल्याने निळसर छटा : हे त्रास उताऱ्याने किंवा वेळेने सुटतात. खरा धोका एकच, जेल रक्तवाहिनीत जाणं. तसं झालं तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा अचानक पांढरी पडते, मग जाळीदार जांभळी होते, दुखणं वाढत जातं. नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या आहेत. जेल उलटं वाहत डोळ्यापर्यंत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि दृष्टिपटल रक्ताविना फार तर तास-दीड तास तग धरतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर दर मिनिट मोलाचं असतं. म्हणून हायलुरोनिडेज त्याच खोलीत, भरपूर मात्रेत तयार हवं. घरी आल्यावर वाढती वेदना, रंगबदल किंवा दिसण्यात फरक जाणवला तर सकाळची वाट न पाहता त्या डॉक्टरांना गाठा.

कोणाकडे जायचं

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने फिलरसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्येच प्रसिद्ध केली आहेत. हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं, हा त्यांचा गाभा. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतली पदव्युत्तर पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, दोन्ही विचारा. विचारल्याचा राग येणारा डॉक्टर टाळा. सलूनमध्ये किंवा कुणाच्या घरी टोचून घेऊ नका. सुई नसलेल्या 'हायलुरॉन पेन'बद्दल तर अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे : ओठ, त्वचा आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. सिरिंजचं खोकं तुमच्यासमोर उघडलं जावं. त्यावर आयातदाराचं नाव, आयात परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते; त्या लेबलचा फोटो स्वतःकडे ठेवा. पुढे कधी उतारा द्यायची वेळ आली तर आत काय भरलंय हे कळायलाच हवं. खर्च सिरिंजच्या हिशोबाने आणि हजारांत असतो, सौंदर्योपचार म्हणून विमा सहसा मिळत नाही, आणि जन्मजात दोष किंवा अपघाताची दुरुस्ती सोडली तर जीएसटीही लागतो. परिणाम ओसरला की पुन्हा तोच खर्च येणार, हे धरूनच ठरवा.

भेटीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. माझ्या चेहऱ्यातलं नेमकं काय गेलंय? कोणतं जेल, किती आणि का? रक्तवाहिनी बंद झाली तर तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत काय कराल? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर पुढे जा. तिसऱ्या प्रश्नाला टोलवाटोलवी झाली तर उठून घरी या. बसलेल्या गालांनी आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही.