गर्भातील ठोका आणि घरातील यंत्र

‘डोहाळे’ हा मराठी शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दापासून आला. आणि दोहद म्हणजे दोन हृदये, अशी त्याची फोड जुने वैद्य करीत असत. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या वेळी स्त्री द्विहृदया होते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे. भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य असो वा नसो, तिच्यामागील कल्पना मोठी हृद्य आहे. आधुनिक गर्भविज्ञानाने तिच्यात एवढीच दुरुस्ती केली की, दुसरे हृदय चौथ्या महिन्याची वाट पाहत नाही. गर्भधारणेपासून सुमारे २२व्या दिवशी ते स्पंदन पावू लागते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम एक आठवडा लोटलेला असतो, आणि गर्भ तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो.

परंतु हे स्पंदन आईला जाणवत नाही. बाळाची पहिली चाहूल, म्हणजे पोटात काही फडफडल्यासारखे वाटणे, पहिलटकरणीला बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळते. हे आठवडे वैद्यकीय रिवाजाप्रमाणे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले आहेत. म्हणजे हृदय सुरू झाल्यापासून पहिल्या हालचालीपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ आईला आतून कोणताही निरोप मिळत नाही. ज्या स्त्रीचा पूर्वी गर्भपात झालेला आहे, तिला हे मौन फार जड जाते. दोन तपासण्यांमधील चार आठवडे तिला चार वर्षांसारखे वाटतात. सकाळची मळमळ एखादे दिवशी कमी झाली तरी तिच्या मनात पाल चुकचुकते. घरातील वडीलधारी माणसे ‘काही होत नाही, विचार करू नकोस’ असे सांगतात. पण मागच्या वेळीही त्यांनी तसेच सांगितले होते, हे ती विसरलेली नसते.

अशा स्त्रीच्या हाती आज एक लहानसे यंत्र येऊ शकते. ते मुठीत मावते, विजेरीच्या घटांवर चालते, काही हजार रुपयांत घरपोच मिळते आणि पोटावर टेकविले की बाळाच्या हृदयाचा आवाज ऐकवू शकते. त्याची मागणी का वाढावी हे निराळे सांगावयास नको. मात्र ते नेमके काय ऐकविते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर ठेवून तिच्यातून हृदयाचा आवाज ऐकला, आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. पुढे दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, जिनीव्हा येथील फ्रांस्वा मेयर या शल्यवैद्याने गर्भवतीच्या पोटाला नुसता कान लावून गर्भाचे ठोके ऐकल्याची नोंद झाली. या गोष्टीचा खरा पाठपुरावा मात्र लाएनेकचा मित्र केरगारादेक याने केला. गर्भाशयातील पाणी हलल्याचा आवाज येतो की काय, हे तो स्टेथोस्कोप लावून पाहत होता. पाण्याऐवजी त्याला घड्याळाच्या टिकटिकीसारखा जलद दुहेरी ध्वनी ऐकू आला. त्याने लागलीच आईची नाडी मोजली. ती पुष्कळच मंद होती. तेव्हा हा ध्वनी आईचा असणे शक्य नाही, हे त्याने ताडले व १८२१ च्या अखेरीस आपले निरीक्षण पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले. आईची नाडी मोजण्याची ही साधी कृती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१८९५ साली आदोल्फ पिनार या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने याच कामासाठी एक आखूड कर्णा तयार केला. लाकडी किंवा धातूचा असा हा कर्णा आजही अनेक दवाखान्यांत आढळतो. त्याला वीज लागत नाही, आणि तो बिघडण्यासारखे त्यात काही नाही. तथापि त्याने ठोके ऐकावयाचे म्हणजे गर्भ साधारण १८ ते २० आठवड्यांचा असावा लागतो, आणि ऐकणाऱ्याचा कानही तयार असावा लागतो.

घरगुती यंत्राचे तत्त्व यापेक्षा अगदी वेगळे आहे. ते आवाज ‘ऐकत’ नाही, हालचाल हेरते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी तीव्र वाटते आणि गाडी पुढे निघून जाताच तीच शिट्टी खाली उतरल्यासारखी वाटते, हा अनुभव फलाटावर उभे राहिलेल्या प्रत्येकाला आहे. लहरींचा उगम आणि ग्राहक यांच्यातील अंतर बदलत असेल, तर लहरींची कंपनसंख्या बदललेली भासते. ख्रिस्तियान डॉप्लर याने हे तत्त्व १८४२ साली प्राग येथे मांडले. त्याच्या डोळ्यांपुढे आगगाडी नव्हती. जोडताऱ्यांच्या रंगांचा उलगडा त्याला करावयाचा होता. आगगाडी आली ती १८४५ मध्ये. बॉईज बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ गाडीवर तुतारी वाजविणारे बसविले, रुळांच्या कडेला तयार कानाचे संगीतज्ञ उभे केले आणि स्वर किती चढतो-उतरतो याची परीक्षा घेतली. विज्ञानाच्या इतिहासात इतका वाजतगाजत झालेला प्रयोग क्वचितच सापडेल.

गर्भाच्या यंत्रात तुतारीऐवजी एक स्फटिक असतो. विजेचा दाब बदलला की आकुंचन-प्रसरण पावणारे हे पदार्थ सेकंदाला वीस ते तीस लाख कंपने करतात. मानवी कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडे ऐकू शकत नाही. म्हणून या लहरींना श्राव्यातीत म्हणतात. शरीराच्या मऊ भागांतून त्या सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात आणि वाटेत भेटणाऱ्या पृष्ठांवरून परावर्तित होतात. स्थिर पृष्ठावरून परतलेली लहर जशीच्या तशी येते. हलत्या पृष्ठावरून परतलेलीची कंपनसंख्या किंचित बदललेली असते. समजा, गर्भाच्या हृदयाचा एखादा भाग सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने यंत्राकडे सरकत आहे आणि यंत्राच्या लहरीची कंपने सेकंदाला वीस लाख आहेत. गणित केल्यास परतलेल्या लहरीत सुमारे २६० कंपनांचा फरक पडतो. आणि २६० कंपने म्हणजे कानाला सहज ऐकू येणारा ध्वनी. पेटीवरील ‘पांढरी एक’ या स्वराच्या अगदी जवळचा. यंत्र एवढेच करते की, गेलेली लहर व आलेली लहर यांतील हा फरक वेगळा काढते आणि ध्वनिवर्धकातून वाजवते. दौडणाऱ्या घोड्याच्या टापांसारखा जो आवाज आईला ऐकू येतो, तो बाळाच्या हृदयाचा मूळ आवाज नव्हे. हृदयाच्या हालचालीपासून यंत्राने घडविलेला तो ध्वनी आहे.

ही युक्ती गर्भाच्या हृदयासाठी वापरल्याचे निरीक्षण अमेरिकेतील संशोधकांनी १९६४ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर ही यंत्रे प्रसूतिगृहांत रुळली. अनुभवी हाताला त्यांच्या साहाय्याने १० ते १२ आठवड्यांपासून ठोका सापडू शकतो. अनुभवी हात, हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाराव्या आठवड्यात गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत पाच-सहा सेंटिमीटर लांब असतो व त्याचे हृदय त्याहून कितीतरी लहान. गर्भाशय अद्याप ओटीपोटाच्या हाडांमागे असतो. तो मागे कललेला असेल, वार पुढील भिंतीवर असेल किंवा पोटावर चरबी अधिक असेल, तर लहरींचा झोत नेमक्या जागी नेणे कठीण जाते. मग घरी रात्री अकरा वाजता एकटीच यंत्र घेऊन बसलेल्या स्त्रीला पाऊण तास शोधूनही काही सापडत नाही. बाळ सुखरूप असते, पण तिचा सारा धीर खचतो. ती पहाटेच दवाखान्याच्या पायऱ्या चढते, तेथे परिचारिका दोन मिनिटांत ठोका ऐकविते, आणि आठवडाभराने हाच प्रकार पुन्हा घडतो. चिंता घालविण्यासाठी घेतलेले यंत्रच चिंता निर्माण करू लागते.

तरीही हा दोष त्यातल्या त्यात बरा म्हणावयाचा. कारण त्याने आई दवाखान्यात पोहोचते. याच्या उलट जो दोष आहे, तो अधिक गंभीर आहे.

यंत्र हालचाल हेरते, हे वर सांगितले. पण पोटात हलणारे केवळ गर्भाचे हृदय नसते. आईची महारोहिणी आणि गर्भाशयाला रक्त पुरविणाऱ्या तिच्या रक्तवाहिन्या यांतूनही रक्ताचा लोंढा वाहत असतो, आणि यंत्र त्याचाही आवाज तितक्याच इमानाने ऐकविते. गर्भाच्या हृदयाचा वेग मिनिटाला ११० ते १६० असतो. स्वस्थ स्त्रीची नाडी सत्तर-नव्वदच्या घरात असते. हा फरक कळणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु गर्भारपणात नाडी मुळातच थोडी वाढलेली असते, आणि भ्यालेल्या स्त्रीची नाडी शंभराच्या पुढे सहज जाते. म्हणजे जिला ठोक्याची सर्वांत अधिक निकड आहे, तिच्याच बाबतीत आईचा ठोका बाळाचा वाटण्याचा संभव सर्वांत अधिक. यंत्राच्या पट्टीवर उमटणारा आकडाही निर्णायक नव्हे; काही वेळा अशी यंत्रे एकच ठोका दोनदा मोजतात.

२००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी असाच एक प्रसंग नोंदविला. दिवस भरत आलेल्या एका स्त्रीला बाळाची हालचाल कमी झाल्याचे जाणवले. तिने घरचे यंत्र लावले, आवाज ऐकला आणि ती निर्धास्त झाली. ती रुग्णालयात आली तेव्हा बाळ पोटातच मृत झाले असल्याचे आढळून आले. तिने ऐकलेला आवाज बहुधा तिच्याच नाडीचा किंवा वारेतील रक्तप्रवाहाचा असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. ती लगेच आली असती तर बाळ वाचलेच असते असे सांगता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. पण यंत्रामुळे तिला येण्यास विलंब झाला, हेही नमूद केले.

येथे आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आवाज खरोखरच बाळाच्या हृदयाचा असला, तरी त्यावरून बाळ त्या क्षणी जिवंत आहे, एवढेच कळते. प्राणवायू अपुरा पडू लागला की बाळ आधी आपली हालचाल आवरते. हृदयाचे ठोके मात्र बराच काळ चालू राहू शकतात. म्हणून हालचाल मंदावल्याची तक्रार आली, की रुग्णालयात निदान वीस मिनिटे हृदयगतीचा आलेख काढतात. त्यात ठोक्यांची संख्या पाहावयाची असतेच, पण त्याहून अधिक पाहावयाचे असते ते गतीतील चढउतार: बाळ हलल्यावर वेग वाढतो की नाही, आणि आलेखाची रेघ सपाट तर झालेली नाही ना. हे ज्ञान क्षणभर टपटप ऐकून मिळत नाही. दिवस भरत आले की जागा अपुरी पडून बाळ हलेनासे होते, ही समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. ती खरी नाही. हालचालीचा प्रकार बदलतो. ती थांबत नाही, आणि नेहमीपेक्षा कमीही होऊ नये.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशी यंत्रे वैद्यकीय कारणावाचून घरी वापरू नयेत असा इशारा दिला. श्राव्यातीत लहरींनी गर्भाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु त्या लहरी पेशींना किंचित तापवितात, आणि घरी त्या किती वेळ व कितीदा वापरल्या जातात यावर कोणाचेच लक्ष नसते. भारतात या यंत्रासंबंधी एक निराळीच अफवा ऐकू येते: ठोके १४० च्या वर असले तर मुलगी, खाली असले तर मुलगा. यात तथ्य नाही. तो आकडा गर्भाच्या वयाप्रमाणे व हालचालीप्रमाणे बदलतो. नवव्या-दहाव्या आठवड्यात तो १७० च्या आसपास असतो आणि पुढे उतरत जातो. लिंगनिदानास बंदी करणारा कायदा या देशात १९९४ साली झाला. ही अफवा त्या बंदीला बगल देण्याची दुबळी धडपड आहे, एवढेच म्हणता येईल.

मग चिंतेने पोखरलेल्या स्त्रीने काय करावे? तिची चिंता पोकळ नाही. निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी शेकडा १० ते २० गर्भपाताने संपतात, आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचे कारण गुणसूत्रांतील दोष हे असते. आईचे जिने चढणे, पपई खाणे किंवा रडणे हे नव्हे. एक गर्भपात झालेल्या बहुसंख्य स्त्रियांची पुढील गर्भारपणे सुखरूप पार पडतात. या गोष्टी तिला डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात, आणि त्या सांगण्यास वेळ लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढा वेळ मिळत नाही, हीच या यंत्राच्या खपाची खरी गोम आहे. पूर्वी गर्भ गमावलेल्या स्त्रीला दोन तपासण्यांमध्ये एखादी जादा भेट दिली, तर पुष्कळदा यंत्राची गरजच उरत नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. अशा जागी ही विचारपूस व्हावयास हरकत नाही. हालचाल कमी वाटल्यास मात्र ९ तारखेची किंवा सकाळचीही वाट पाहावयाची नसते.

यंत्र घरात आलेच असेल, तर त्याचा आवाज हा आनंद म्हणून ऐकावा. बापाने ऐकावा, आजीने ऐकावा. हालचाल मंदावल्याच्या दिवशी मात्र ते कपाटातच राहावे, कारण त्या दिवशी ते काहीही ऐकवो, दवाखान्यात जाणे चुकत नाही.

आणि त्या दवाखान्यात गेल्यावर, यंत्र कितीही नवे असले तरी, जाणती परिचारिका एक कृती विसरत नाही. ध्वनिवर्धकातून टापांचा आवाज येऊ लागला की ती दुसऱ्या हाताने आईचे मनगट धरते, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते आणि दोन्ही ठोके वेगळे आहेत याची खात्री करून घेते. १८२१ साली केरगारादेकने हेच केले होते.