घर बापाचे, कागद कोणाच्या नावाचा?

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उमापूर हे गाव आहे. या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मुकादमाची उचल फेडून, पै-पै जोडून दोन खोल्या उभ्या राहतात. पण भिंतींसाठी जेवढी धडपड होते, तेवढी कागदासाठी होत नाही. ग्रामपंचायतीत पाहावे तर घर अजून आजोबांच्या नावे. आजोबा गेले, बापही गेला आणि नातू रमाई घरकुलाचा अर्ज घेऊन उभा. "जागा तुमच्या नावावर नाही," एवढ्या एका वाक्यावर अर्ज मागे येतो. उमापूरच कशाला, मराठवाड्यातल्या कोणत्याही वस्तीत असे घर सापडेल. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. नमुना आठचा उतारा ही घरपट्टीची नोंद आहे. तो जपून ठेवलाच पाहिजे, कारण जागोजागी लागतो. पण नुसत्या त्या नोंदीने कोणी मालक होत नाही आणि नाव नसल्याने वारसाचा हक्कही बुडत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळते. ज्या गावात मोजणी झाली आहे, तेथे आपल्या पत्रकावर कोणाचे नाव लागले ते प्रत्येकाने पाहून घ्यावे. हंगामात बाहेरगावी असणाऱ्यांनी तर परत आल्याबरोबर आधी हे काम करावे.

मालक मृत्युपत्र न करता वारला, तर घर कोणाचे? बौद्धांना या बाबतीत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्याप्रमाणे पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मिळाला. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ सालीच केली होती. बायकांना वारसाहक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते अडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बाबासाहेबांचा फोटो ज्या घरात लावला आहे, त्या घरात बहिणीचे नाव वारसांतून गाळले जाऊ नये.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेला अर्ज व प्रतिज्ञापत्र, जुना उतारा आणि घरपट्टीची पावती घेऊन ग्रामपंचायतीत जावे. मालमत्ता पत्रक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातही अर्ज करावा. माणूस कारखान्यावर वारला असेल तर मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथेच होते, आणि ती २१ दिवसांच्या आत करायची असते. दुःखात हे सुचत नाही, पण गाव सोडून आल्यावर त्या दाखल्यासाठी शेकडो मैल हेलपाटे पडतात.

हयातीतच घर नावावर करायचे असेल तर बक्षीसपत्र करावे. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना द्यायचे असल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी असते, ती कार्यालयात विचारून घ्यावी. भावाला किंवा बहिणीला बक्षीस दिल्यास ही सवलत नाही.

वडिलोपार्जित घरातला आपला वाटा भावंडांना सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करतात. तेही नोंदणीकृतच हवे. पूर्वीच्या १०० व २०० रुपयांच्या बऱ्याच मुद्रांकांच्या जागी ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे ध्यानात असू द्या. माहेर तुटेल या भीतीने बहिणी न वाचताच अंगठा देतात. भगिनींनो, देणे-न देणे ही तुमची मर्जी आहे; पण कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. एकदा नोंदवलेला कागद मागे घेणे सोपे नसते.

तिसरा मार्ग मृत्युपत्राचा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि तोवर मालकी आपल्याकडेच राहते.

आणखी एक. स्टँपपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की घर नावावर झाले, असा समज आपल्यात फार आहे. बक्षीस असो की हक्कसोड, नुसत्या नोटरीने मालकी बदलत नाही. त्यात पैसेही जातात आणि वर्षेही.

शेवटी म्हाताऱ्या आईबापांविषयी. आमच्या ओळखीच्या एका माउलीने सगळे घर मुलाच्या नावे केले आणि दोन वर्षांत तिची वळकटी ओसरीवर आली. तिच्या कागदात सांभाळण्याची अट लिहिलेली नव्हती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. म्हणून ती अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. 'हयातीपर्यंत या घरात राहण्याचा हक्क माझा राहील,' हे वाक्यही घालावे. यात मुलावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. चांगल्या मुलाला अशा अटीचे ओझे वाटणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसावे. पेटीतला उतारा काढावा, त्यावरचे नाव मोठ्याने वाचावे. ते नाव हयात नसलेल्या माणसाचे असेल, तर सोमवारी ग्रामपंचायतीची वाट धरावी. बहिणींनाही बोलवावे. आईला मधोमध बसवून तिचे म्हणणे आधी ऐकावे, आणि मगच काय ते ठरवावे.